मुलींना बंद असलेला जिना

शाळेच्या इमारतीत मधोमध एक मोठा जिना आहे. मजल्यामागून मजला चढत जाणारा, आणि मधली पोकळी वरपासून तळापर्यंत उघडी. हा जिना मोठ्या बाईंचा आणि पाहुण्यांचा. मुलींनी मागच्या जिन्यानं जायचं-यायचं. पण बंदी घातली की ती जागा मुलींना जास्तच खुणावते. त्या कठड्यावरून वाकून खाली बघतात, खोली किती असेल याचा अंदाज घेतात आणि कुणाची चाहूल लागली की पांगतात. चित्रपट नुकताच कुठं सुरू झालेला असतो, पण आपल्या पोटात तेव्हाच खड्डा पडतो. या पोकळीपाशी पुन्हा यावं लागणार, हे कळून चुकतं.

चित्रपटाचं नाव ‘मेडशेन इन उनिफॉर्म’, म्हणजे गणवेशातल्या मुली. साल १९३१. दिग्दर्शिका लेओंटिने झागान. त्यांचा हा पहिलाच चित्रपट, आणि तो केला तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त बायका आणि मुली आहेत. पुरुषाची भूमिकाच नाही. सैनिकांची पावलं दिसतात, पुतळे दिसतात, दूरवर बिगुल वाजतो. पुरुषांचं जग एवढंच. पण त्या पावलांचा ताल आतल्या प्रत्येक मुलीच्या चालण्यात उतरलेला आहे.

मी अनेक वर्षं शाळा-कॉलेजातल्या मुलींची नाटकं बसवते आहे. त्यामुळे मी हा चित्रपट थोडा वेगळ्या नजरेनं बघते. माझी नजर नायिकेवरून सारखी मागच्या रांगेकडे जाते. नाटक बसवताना सगळ्यांत अवघड काम कुठलं, असं मला कुणी विचारलं, तर मी सांगेन, ज्यांना वाक्य नाही त्यांचं. मुख्य भूमिकेतली मुलगी आपलं आपण बघून घेते. पण तिसऱ्या रांगेत उभ्या असलेल्या मुलीला आपण इथं का आहोत हे कळलेलं नसेल, तर तिच्या हातांचं काय करायचं हे तिला कळत नाही, आणि मग सगळा रंगमंच लटका वाटायला लागतो. झागान यांच्या या चित्रपटात एकही मुलगी अशी अवघडून उभी नाही. जिला एकही वाक्य नाही तिलासुद्धा भूक लागलेली आहे, झोप आलेली आहे, कुणावर तरी जीव जडलेला आहे, कुणाचा तरी राग आलेला आहे. आणि हे सगळं तिच्या मानेत, खांद्यात दिसतं.

गोष्ट अशी. पोट्सडाम हे बर्लिनजवळचं, प्रशिया या जर्मनीतल्या जुन्या लष्करी राज्याच्या राजांचं शहर. तिथल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या मुलींसाठी असलेल्या वसतिशाळेत मानुएला नावाच्या चौदा वर्षांच्या मुलीला तिची मावशी आणून सोडते. आई गेलेली आहे, वडील सैन्यात. आल्या आल्या तिचे कपडे काढून घेतले जातात आणि उभ्या पट्ट्यांचा गणवेश हातात मिळतो. तोही नवा नाही, आधीच्या कुणा मुलीनं वापरलेला. आतल्या बाजूला तिला एक बदाम दिसतो आणि त्यात अक्षरं, ई. फॉन बे. एलिझाबेट फॉन बेर्नबुर्ग, या शाळेतल्या बाई. आधीच्या मुलीनं आपलं मन तिथं नोंदवून ठेवलंय. म्हणजे मानुएलाच्या अंगावर गणवेश चढतो तो एका परक्या मुलीच्या प्रेमासकट. ती बाईंना अजून भेटलेलीही नाही. बाईंवर जीव लावणं ही या शाळेत एका मुलीची गोष्ट नसून सगळ्यांनी मिळून जपलेली रीत आहे, हे एवढ्याशा तपशिलात सांगून होतं.

आणि रात्रीचा तो प्रसंग. शयनगृहात पलंगांच्या रांगा. प्रत्येक मुलगी आपल्या पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसलेली. बेर्नबुर्गबाई एकेकीपाशी जातात, कपाळाचं चुंबन घेतात आणि पुढे सरकतात. शाळेत मायेचा स्पर्श म्हणावा असा हा एवढाच क्षण, तोही दिवसातून एकदा आणि सगळ्यांना सारखा. कॅमेरा घाई करत नाही. बाई जवळ येऊ लागल्या की एकेका मुलीचा चेहरा बदलतो, आणि त्या पुढे गेल्यावर परत बदलतो. कुणी श्वास रोखून धरते, कुणी डोळे मिटते. मानुएलाची पाळी येते तेव्हा ती बाईंच्या गळ्यात पडते. बाई तिला सोडवतात आणि तिच्या ओठांचं चुंबन घेतात. पुढचा सगळा चित्रपट या एका क्षणातून निघालेला आहे. पण तो क्षण पोहोचतो तो आधीच्या त्या मुलींमुळे. ज्यांना ठरलेलं तेवढंच मिळालं, त्यांच्या रांगेत हे घडतं. त्या रांगेशिवाय ते नुसतं एक चुंबन राहिलं असतं.

झागान यांना हे जमलं, कारण त्या रंगभूमीवरून आल्या होत्या. जन्म ऑस्ट्रिया-हंगेरीतला, बालपणाचा काही भाग दक्षिण आफ्रिकेत गेलेला, आणि नाट्यशिक्षण बर्लिनमध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांच्याकडे. राइनहार्ट समूहदृश्यांसाठी नावाजलेले. रंगमंचावरच्या माणसांच्या लोंढ्याला सुटा सुटा चेहरा कसा द्यायचा, हे त्यांच्याकडून शिकावं. पुढे झागान यांनी अभिनय केला, नाटकं बसवली. हा चित्रपट ज्यावर बेतलाय ते क्रिस्टा विन्स्लो यांचं नाटक १९३० मध्ये लाइपझिशला वेगळ्या नावानं लागलं होतं; पुढच्या वर्षी ते ‘काल आणि आज’ अशा अर्थाच्या नावानं बर्लिनला आलं, तेव्हा ते झागान यांनीच बसवलं. चित्रपट करायची वेळ आली तेव्हा माणसांचा अभ्यास झालेला होता. कॅमेरा नवा होता. त्यासाठी कार्ल फ्रोलिश हे मूकपटांच्या काळापासूनचे जाणते दिग्दर्शक कलात्मक देखरेखीला होते. चित्रपटातलं चांगलं ते फ्रोलिश यांचं, असं म्हणण्याची एक पद्धत पुढे पडली. मला ते पटत नाही. प्रकाशयोजना, चौकटी, एका चेहऱ्यावर दुसरा चेहरा उमटवण्याच्या युक्त्या यांत त्यांचा हात असेल. पण मघाशी सांगितलं ते शयनगृह नाटक बसवणाऱ्या माणसाचं आहे. इतक्या मुलींचे इतके वेगवेगळे श्वास तालमीत बसून, एकेकीशी बोलून मिळवावे लागतात.

चित्रपट ज्या पद्धतीनं उभा राहिला तीही त्याच्या स्वभावाला शोभणारी होती. त्यासाठी एक सहकारी संस्था काढली होती. कलाकार आणि तंत्रज्ञ पूर्ण मेहनताना आधी न घेता उत्पन्नातल्या वाट्यावर काम करणार. जर्मनीत तेव्हा मंदीनं कहर केला होता, बेकारांच्या रांगा लागल्या होत्या, त्यामुळे यात सोय होती हे खरंच. पण जिथं सगळ्याच जणी भागीदार आहेत तिथं मागच्या रांगेतली मुलगीही आपल्याच कामावर उभी असते. मला तर ते पडद्यावर दिसतं.

बोलपट तेव्हा अगदी नवा होता. आपल्याकडे कोल्हापूरच्या प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत लागला, म्हणजे या जर्मन चित्रपटानंतर जेमतेम दोन-अडीच महिन्यांनी. ध्वनी हाती आल्यावर बऱ्याच ठिकाणी माणसं सारखी बोलायलाच लागली. इथं मात्र आवाजाचा वापर फार जपून केलेला आहे. चालण्याचा आवाज, काठीचा आवाज, कुजबुज. मोठ्या बाई काठी टेकत चालतात, आणि ती काठी त्यांच्या आधी खोलीत पोहोचते. मुली एकट्या असतात तेव्हा एकमेकींत मिसळलेला, वाक्यं सुटी न करता येणारा गलबला असतो, आणि बाई आल्या की तो एकदम तुटतो. हा गलबला मला फार आवडतो. ज्यानं मुलींच्या वसतिगृहात एक रात्र काढली असेल त्याला तो लगेच ओळखू येईल.

मोठ्या बाई म्हणजे एमिलिया उंडा. काळा पोशाख, छातीवर पदक, हातात काठी, वाकलेली पण करडी चण. जर्मन प्रेक्षकाला त्यांच्याकडे बघून थेट प्रशियाचा म्हातारा फ्रेडरिक राजा आठवावा, अशी ती बांधणी आहे. मुलींचं पोट भरत नाही, हे त्यांच्या कानावर घातलं जातं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की प्रशिया उपाशी राहूनच मोठा झाला. या सैनिकांच्या मुली आहेत आणि देवाच्या कृपेनं सैनिकांच्या आया होतील. शिस्त आणि भूक यांनीच आपण पुन्हा वर येऊ. पहिल्या महायुद्धात हरलेल्या देशात हे शब्द पडद्यावर बोलले गेले, तेव्हा ते कथेतल्या जुन्या काळापुरते राहिले नसणार.

या भुकेवर बोलते इल्झे. एलेन श्वानेके यांनी केलेली ही मुलगी माझी सगळ्यांत लाडकी. मानुएला नाजूक, तर इल्झे दांडगी. नकला करणारी, कपाटाच्या दाराला आतून नटांचे फोटो लावणारी. घरी चोरून पत्र पाठवते, की इथं आम्हाला पोटभर खायला मिळत नाही. पत्र मोठ्या बाईंच्या हाती लागतं. शिक्षा म्हणून तिला नाटकातून काढलं जातं. नाटक जर्मन नाटककार शिलरचं ‘डॉन कार्लोस’, मोठ्या बाईंच्या वाढदिवसाला करायचं. इल्झे रागानं बॅग भरते, आता इथं राहायचंच नाही म्हणते, आणि बेर्नबुर्गबाई तिची समजूत काढून तिला थांबवतात. दुसऱ्या कुठल्या चित्रपटात हा किस्सा गंमत म्हणून येऊन गेला असता. इथं तो कथेचा दुसरा खांब आहे. प्रेम बोलून दाखवलं म्हणून मानुएलाला शिक्षा होते, भूक बोलून दाखवली म्हणून इल्झेला. दोघींचा गुन्हा एकच. शाळेच्या भिंतीआड ठेवायची गोष्ट त्यांनी मोठ्यांदा सांगितली.

मानुएलाचा अंतर्वस्त्राचा कपडा फाटलेला असतो. बेर्नबुर्गबाई तिला बोलावतात आणि आपल्या कपाटातला स्वतःचा एक देतात. मुलगी रडायला लागते. मग नाटकाचा दिवस येतो. मानुएला डॉन कार्लोस होऊन पुरुषी वेशात रंगमंचावर उभी राहते, वाहवा मिळवते. नंतरच्या मेजवानीत पंच नावाचं मद्य पिऊन तिला चढते, आणि ती सगळ्यांसमोर सांगून टाकते की बाईंनी मला आपला कपडा दिला, माझं त्यांच्यावर प्रेम आहे. भोवतीच्या मुलींना मोठ्या बाई आलेल्या दिसतात. तिला दिसत नाहीत. दिग्दर्शिकेनं इथं सगळा ताण त्या मुलींच्या चेहऱ्यांवर सोपवलाय. आपल्याला मोठ्या बाई दिसतात त्या आधी मुलींच्या डोळ्यांत.

मानुएला झालेल्या हेर्था थीले आणि बेर्नबुर्गबाई झालेल्या डोरोथेआ वीक या दोघींचा जन्म १९०८ सालचा, चार महिन्यांच्या अंतरानं. एक चौदा वर्षांची वाटते, दुसरी सगळ्या शाळेची आधार वाटते, आणि प्रत्यक्षात दोघी तेवीस वर्षांच्या! वीक यांनी चेहरा फारसा हलू दिलेला नाही. केस घट्ट बांधलेले, पाठ ताठ, आवाज शांत. थीले यांचा चेहरा मात्र पाण्यासारखा, प्रत्येक गोष्ट त्यावर उमटते. वर्गातला एक प्रसंग आहे. मानुएलाला स्तोत्र पाठ आहे, पण बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि शब्द गेले. कॅमेरा दोघींचे चेहरे इतके जवळ आणतो की एका क्षणी एक चेहरा दुसऱ्यात विरघळतो. बाईंच्या मनात काय चाललंय हे संवादातून कधीच सांगितलेलं नाही. तिथं ते दिसून जातं.

आता शिक्षेचा भाग. मानुएलाला बाजूच्या खोलीत एकटी ठेवलं जातं. हुकूम निघतो, तिच्याशी कुणी बोलायचं नाही. बेर्नबुर्गबाईंनीसुद्धा नाही.

इथं मला माझं वसतिगृह आठवतं. आमच्याकडे ‘अबोला’ ही शिक्षा रीतसर दिली जायची. आमच्या खोलीतल्या एका मुलीला ती मिळाली होती, कारण सांगण्यासारखंही नव्हतं. पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंचे पाट रिकामे राहायचे. रेक्टरबाईंचं लक्ष असायचं. शिक्षा सुरू असताना आमच्यातलीच एक मुलगी रोज सकाळी तेलाची बाटली आणि कंगवा घेऊन तिच्या मागे जाऊन बसायची आणि तिच्या दोन वेण्या घालून द्यायची. एक अक्षर बोलायची नाही. भांग पाडायचा, बटा सारख्या करायच्या, रिबिनीची गाठ मारायची आणि उठायचं. बोलू नका असा हुकूम होता, वेणी घालू नका असा नव्हता. रेक्टरबाई दारात उभ्या राहून बघायच्या, आणि त्यांना काही म्हणता यायचं नाही. दोन दिवसांनी दुसरीही एक मुलगी रिबिनी घेऊन तिथं बसायला लागली. मोठ्यांचं सगळं बळ आपण हुकूम मानतो यावर चालतं, हे मी पुढे पुस्तकांत पुष्कळ वाचलं. पण मला ते ठाऊक झालं त्या सकाळी, तेलाच्या वासात.

म्हणून या चित्रपटाचा शेवट मला कधीच सोयीचा किंवा गोड वाटला नाही. बेर्नबुर्गबाई हुकूम मोडून मानुएलाला भेटतात खऱ्या, पण निरोप घ्यायला. आता आपण भेटायचं नाही, तू बरी हो, असंच त्यांना सांगावं लागतं. त्या चांगल्या आहेत, त्यांच्यात धैर्यही आहे, आणि तरी एकट्या माणसाच्या चांगुलपणाला त्या इमारतीत जितकी जागा आहे तितक्यातच त्या उभ्या आहेत. मानुएला तिथून बाहेर पडते आणि जिना चढायला लागते. तोच, मधला, बंदी असलेला.

आणि मुलींच्या लक्षात येतं की ती कुठं दिसत नाही. आधी एक हाक येते, मग दोन. हाका मजल्यांवर पसरतात. मुली मागचा जिना, पुढचा जिना असलं काही न बघता धावत सुटतात. तिच्याशी बोलायला बंदी आहे, आणि सगळी शाळा तिच्या नावानं हाका मारते आहे. मला हा या चित्रपटातला सगळ्यांत मोठा प्रसंग वाटतो. बंड करायचं असं कुणी ठरवत नाही, कुणी भाषण करत नाही. त्यांना त्यांची मैत्रीण शोधायची आहे, आणि ते करता करता हुकूम पायाखाली जातो. कठड्यापलीकडे गेलेल्या मानुएलाला त्याच मुली ओढून अलीकडे घेतात. बाई नंतर पोहोचतात. विन्स्लो यांच्या नाटकात मानुएला मरते. चित्रपटात मुली तिला मरू देत नाहीत.

त्यानंतर मोठ्या बाई येतात. मुली जिन्यावर, कठड्यांना धरून उभ्या आहेत आणि बघताहेत. कुणी वाकून नमस्कार करत नाही. मोठ्या बाई त्यांच्या नजरांमधून काठी टेकत खाली उतरतात आणि बोळातून चालत जातात. पाठ आणखी वाकलेली. बाहेर बिगुल वाजतो.

झिगफ्रीड क्राकाउअर या जर्मन समीक्षकानं दुसऱ्या महायुद्धानंतर त्या काळातल्या चित्रपटांचा हिशेब मांडला, तेव्हा या चित्रपटाला त्यानं भित्रा ठरवलं. बेर्नबुर्गबाई व्यवस्थेला विरोध करत नाहीत, तिला थोडी मऊ करू बघतात, हे त्याचं म्हणणं. बाईंपुरतं ते खरं आहे. शाळा मोडावी असं त्यांना वाटत नाही. माया असली की शिस्तही नीट लागते, असा त्यांचा विश्वास आहे. पण क्राकाउअर बघतो फक्त दोन मोठ्या बायकांकडे, कडक आणि प्रेमळ. मुली त्याच्या हिशेबात येत नाहीत. चित्रपटाचा भरवसा मात्र मुलींवर आहे. एक गोष्ट त्याची मला मान्य करावीच लागते. तो बिगुल. मोठ्या बाई बोळातून निघून गेल्या, बाहेरची छावणी जागच्या जागी आहे. चित्रपटानं ते लपवलेलं नाही.

प्रेमाबद्दल बोलायला हवं, कारण त्याबद्दल बोलणं टाळायची सवयही जुनीच आहे. आई नसलेल्या मुलीला आई हवी होती, बाकी काही नव्हतं, असं म्हणून कित्येकांनी विषय मिटवला. आईची उणीव त्यात आहेच. पण मानुएला जेव्हा सांगते की रात्री बाईंच्या खोलीच्या दाराकडे बघत मी पडून राहते, उठून जावंसं वाटतं, तेव्हा त्याला आपण प्रेमच म्हणायला हवं. चित्रपट ते स्वच्छ म्हणतो. मोठ्या बाई त्याला पाप म्हणतात. बेर्नबुर्गबाई उत्तर देतात, तुम्ही ज्याला पाप म्हणता त्याला मी प्रेमाची थोर शक्ती म्हणते, आणि तिची हजार रूपं आहेत. १९३१ सालच्या एका बोलपटात एक शिक्षिका आपल्या वरिष्ठ बाईंना ताठ मानेनं हे सांगते. अमेरिकेत चित्रपट गेला तेव्हा सेन्सॉरनं आधी अडवला आणि मग कात्री लावून सोडला. १९७० च्या दशकात स्त्रियांच्या चित्रपट महोत्सवांनी तो पुन्हा शोधून काढला, तेव्हा कुठं या वाक्याला त्याचं माप मिळालं. माझ्याकडच्या तालमींना येणाऱ्या मुलींमध्ये मैत्रिणीवर प्रेम असणाऱ्या मुली होत्या, आहेत. त्यांतल्या काहींनी ते मला सांगितलं. त्यांच्यासाठी तरी या जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटाबद्दल कुणीतरी मराठीत नीट, नाव घेऊन लिहायला हवं, असं मला कितीतरी दिवस वाटत होतं.

२७ नोव्हेंबर १९३१ ला बर्लिनच्या ग्लोरिया-पालास्टमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. तो चालला, देशाबाहेर गेला, १९३२ च्या पहिल्यावहिल्या व्हेनिस महोत्सवातही दाखवला गेला. ३० जानेवारी १९३३ ला हिटलर चॅन्सेलर झाला. त्याच वर्षी २१ मार्चला नव्या राजवटीनं आपला मोठा सोहळा केला तो पोट्सडाममध्येच. तिथल्या गार्निसन चर्चपाशी हिटलरनं म्हाताऱ्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्गपुढे मान झुकवली. जुना प्रशिया आणि नवी राजवट एक झाल्याचं ते चित्र देशभर गेलं. चित्रपटाच्या सुरुवातीला ज्या शहराचे पुतळे आणि पलटणींची पावलं दिसली होती, तेच हे शहर.

ज्यांनी मिळून हा चित्रपट केला, त्यांची मग पांगापांग झाली. कार्ल फ्रोलिश नाझी पक्षात गेले आणि १९३९ मध्ये नाझी राजवटीच्या चित्रपट मंडळाचे अध्यक्ष झाले. झागान ज्यू होत्या. त्या इंग्लंडला गेल्या, १९३२ मध्ये ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांवर एक चित्रपट केला, आणि नंतर पुन्हा रंगभूमीकडे वळल्या. लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात संगीतकार आयव्हर नोव्हेलोंची मोठमोठी संगीतनाटकं त्यांनी बसवली, पुढे दक्षिण आफ्रिकेत राष्ट्रीय रंगभूमी उभारण्यात त्यांचा वाटा होता. १९७४ मध्ये त्या प्रिटोरियाला वारल्या. पहिल्या चित्रपटात एवढी मोठी झेप घेतलेल्या दिग्दर्शिकेला चित्रपटात पुढे रस्ता मिळाला नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. हेर्था थीले यांनी नाझींच्या चित्रपटांत काम करायला नकार दिला, १९३६ मध्ये त्यांना व्यवसायातून काढून टाकण्यात आलं, पुढच्या वर्षी त्या स्वित्झर्लंडला गेल्या आणि तिथं मनोरुग्णालयात शुश्रूषेचं काम करून त्यांनी पोट भरलं. पुष्कळ वर्षांनी पूर्व जर्मनीत त्या पुन्हा अभिनय करू लागल्या.

आणि क्रिस्टा विन्स्लो. ही सगळी गोष्ट ज्यांच्या जगण्यातून आली, त्या. अधिकाऱ्याची मुलगी, आई लहानपणी गेलेली, पोट्सडामच्याच वसतिशाळेत शिकलेली. पुढे त्या शिल्पकार झाल्या, प्राण्यांची शिल्पं करत. दुसऱ्या महायुद्धात त्या फ्रान्समध्ये होत्या. जून १९४४ मध्ये क्लुनीजवळच्या रानात चार फ्रेंच माणसांनी त्यांना आणि त्यांची जोडीदार सिमोन जँते यांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. चार वर्षांनी खटला उभा राहिला, आणि आरोपी सुटले.

विन्स्लो यांना चित्रपटाचा शेवट पटलेला नसावा. १९३३ मध्ये त्यांनी याच कथेवर कादंबरी लिहिली, त्यात मानुएला पुन्हा मरते. जिनं ते जगणं भोगलं तिचा शब्द मोठा, असं मला बाकी सगळ्या बाबतींत वाटतं. आई नसलेल्या मुलीला त्या भिंतींमध्ये कुणी वाचवत नाही, हे विन्स्लो यांना आतून ठाऊक होतं, आणि चित्रपटानं त्यावर हळद लावली असं त्यांना वाटलं असेल, तर मी ते समजू शकते. तरीही इथं मी झागान यांच्या बाजूनं आहे. मानुएला मेली असती तर मोठ्या बाई वाईट होत्या एवढं सिद्ध झालं असतं, आणि ते आपल्याला पहिल्या दहा मिनिटांत कळलेलं असतं. ती वाचते तेव्हा प्रश्न त्या इतक्या साऱ्या मुलींकडे येतो. उद्या सकाळी घंटा होईल, नवा हुकूम निघेल. एकदा हाक मारलेल्या या मुली तो मानतील का? चित्रपट तिथं संपवला आहे, आणि माझ्या तालमीतल्या मुलींना मी तो दाखवते तेव्हा त्यांचं भांडण दर वेळी याच प्रश्नावर सुरू होतं. अर्ध्या जणी म्हणतात मानतील, अर्ध्या म्हणतात शक्यच नाही, आणि इल्झेचं काय होईल यावर तर दोन्ही बाजूंचं एकमत कधीच होत नाही.